आत्याच्या पालकातलं शिसं

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, बोटीचं इंजिन तुझ्यापेक्षाही बरं असेल आणि तुमचा तो खानसामा अजून प्रत्येक जेवणात बटाटाच घालत असेल, अशी आशा करते. (बटाट्यावरून तू मागच्या पत्रात बरीच कुरकुर केली होतीस. हे पत्र वाचून झालं की करणार नाहीस.) इकडे सगळं क्षेम आहे. वहिनी ठणठणीत आहे, पाचवा महिना सुरळीत चालू आहे, बाळ आतून लाथा मारायला लागलंय आणि डॉक्टरीणबाई खूश आहेत. हे सगळं मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण पुढचं वाचून तू हातातला पाना टाकून कॅप्टनकडे धावत सुटशील. धावू नकोस. बोटीवरून उडी मारून कोणी घरी लवकर पोचल्याचं ऐकिवात नाही.

हे फोनवर का सांगितलं नाही, असं तुला वाटेल. तुझा फोन आला रे आला की आत्या तो स्पीकरवर टाकते आणि आम्हा दोघींना भोवती बसवते. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य म्हणून जन्म काढल्यामुळे तिला सगळ्याच गोष्टी मोठ्या पातेल्यात करायची सवय आहे, गप्पासुद्धा. आणि मला जे सांगायचंय ते नेमकं तिच्या देखत सांगता येत नाही. तर मुद्दा असा की आत्याच्या पालकात शिसं आहे. चवीपुरतं नाही, चांगलं भरपूर आहे. आणि तो पालक तुझी बायको दोन्ही वेळा खाते आहे. म्हणजे खात होती. म्हणजे मध्यंतरी खायची थांबली असं मला वाटत होतं. थांब, असं नाही कळायचं, पहिल्यापासून सांगते.

आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जो जमिनीचा तुकडा आहे, तिथे आपण लहान असताना एका बॅटरीवाल्याची पत्र्याची शेड होती, आठवतं? तो जुन्या बॅटऱ्या फोडायचा, आतलं पाणी आणि काळा गाळ तिथेच ओतायचा, आणि आपण त्यातल्या पट्ट्या उचलून तलवारी करायचो. (तुझी तलवार कायम माझ्या तलवारीपेक्षा लांब असायची, याचा राग मला अजून आहे.) पुढे तो बॅटरीवाला गेला, शेड गेली, गवत वाढलं. मग आत्या निवृत्त झाली. एवढ्या मोठ्या इस्पितळाला दोन वेळा जेवायला घालणाऱ्या बाईच्या वाट्याला एकदम आपण तीन-चार तोंडं आली. तिने महिनाभर आम्हाला चार माणसांत दहा माणसांचं जेवू घातलं, मग तिच्या लक्षात आलं की खाणारे वाढवता येत नसले तरी पिकवणं वाढवता येतं, आणि ती खुरपं घेऊन खाली उतरली. त्या जमिनीत काय जादू होती कोण जाणे (आता कळलं काय होती ते), पालक असा माजला की एका पानाने ताट झाकावं. तेव्हापासून आत्याचा दिवस त्या खिडकीशी सुरू होतो. तू लग्नाआधी घर रंगवलं तेव्हा बोट चेचून घेऊन खिडकीला डासांची जाळी ठोकलीस ना, त्या जाळीला नाक लावून ती पाखरांवर नजर ठेवते. चिमणी जरी वाफ्यात उतरली तरी वरून अशी काही हाक जाते की खालचा शिकवणीवाला शिकवायचा थांबतो.

आता माझ्या लॅबबद्दल. मी भाज्या तपासते एवढं तुला माहीत आहे, पण तपासतो म्हणजे नक्की काय करतो हे तू कधी विचारलं नाहीस. बाजारातून भाजी येते. ती धुवायची, वाळवायची, दळायची, ॲसिडमध्ये विरघळवायची आणि तो रस मशीनला पाजायचा. मग मशीन सांगतं की यात शिसं किती, कॅडमियम किती. या सगळ्याला लागते मूठभर भाजी, आणि बाजारातून येते पिशवीभर. उरलेल्या भाजीचं काय होतं? ती आम्ही घरी नेतो. लॅब सुरू झाली तेव्हापासूनची ही पद्धत आहे. आधी साहेब निवडतात, मग मशीनवर बसणारे, मग आम्ही दळणारे, आणि कोथिंबिरीच्या काड्या उरल्या तर त्या पहारेकऱ्याला. रिपोर्ट येतो आठवड्याने. तोवर भाजी कधीच पोटात गेलेली असते, आणि रिपोर्ट वाईट आला तर साहेब गंभीर चेहऱ्याने सही करतात आणि डब्यातली तीच वांगी खातात. गावभर लोकांना ‘तपासल्याशिवाय खाऊ नका’ सांगणाऱ्या आम्हा शहाण्यांना यात काही गैर आहे असं कधी वाटलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तर झालं असं, की मशीनला अधूनमधून एक स्वच्छ भाजी पाजावी लागते. जिच्यात काही नाही याची खात्री आहे अशी भाजी, म्हणजे मशीन ताळ्यावर आहे की नाही ते कळतं. बाहेरून मागवलेली पूड संपली होती. मी म्हटलं, त्यात काय, मी घरचा पालक आणते. नुसतं म्हटलं नाही दादा, छाती पुढे काढून म्हटलं. माझ्या आत्याच्या पालकाइतकं स्वच्छ या गावात काही नाही, खत नाही, फवारणी नाही, पाखरूसुद्धा बसू देत नाही ती. पालक आणला, दळला, पाजला. मशीनने जो आकडा दिला तो बघून मशीनवाल्याने मशीन बंद केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तोच आकडा. मग नळ्या धुतल्या, भांडी धुतली, मला हात धुवून यायला सांगितलं. शेवटी कंपनीचा दुरुस्तीवाला बोलावला. त्याने मशीन खोलून, जोडून, मध्ये तीनदा चहा घेऊन सांगितलं, मशीन उत्तम आहे, भाजी कुठून आणली? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नखं बघत बसले. मग अचानक मला त्या तलवारी आठवल्या.

घरी येऊन मी पहिल्यांदा वहिनीला गच्चीवर नेऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पोटावर हात ठेवला. मला वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, आत्यांना कळता कामा नये. मी म्हटलं, अगं, तू आधी तुझं बघ. तर म्हणे, माझं बघूच, पण आत्यांना कळता कामा नये. गेल्या वर्षीचं तुला सांगायला नको. तू बोटीवर होतास, आम्ही तिघी इस्पितळात होतो, आणि चौथ्या महिन्यात जे व्हायला नको होतं ते झालं. तेव्हाही आत्या रोज पालक करत होती. यंदा ती दुप्पट करते, कारण तिच्या मते गेल्या खेपेला पोरीला लोह कमी पडलं. अशा बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुझ्या पालकात शिसं आहे? ती तिथल्या तिथे दोन आणि दोन जोडेल. ते जोडणं बरोबर की चूक, हे ना मला माहीत, ना डॉक्टरीणबाईंना. पण आत्या जोडेल, आणि मग उरलेलं आयुष्य त्याच्याखाली दबून काढेल. आई-बाबांमागे जिने आपल्याला वाढवलं ती ही बाई आहे. मला शिशाची भीती वाटते ती वाटतेच, पण याची जास्त वाटते.

‘मग खाऊ नकोस’ हा उपाय तुला सुचला असेल. तो समोर बसलेल्या आत्याला सुचवून बघ. ती वहिनीपुढे खुर्ची ओढून बसते, हनुवटीला हात लावते आणि घास मोजल्यासारखी बघत राहते. (मागे एकदा मी फक्त ‘मीठ जरा जास्त झालंय’ एवढं म्हटलं होतं, तर पुढे कित्येक दिवस माझ्या ताटात मीठ वेगळं वाढलं जात होतं, वाटीत, आणि न बोलता.) तेव्हा आम्ही नणंद-भावजयींनी ठरवलं की भाजी टाळायची नाही, बदलायची. सकाळी आत्या पालक खुडून ओट्यावर ठेवते आणि फिरायला जाते. हल्ली फिरायला जाताना ती एक भरलेली पिशवी घेऊन जाते आणि येताना लिंबं घेऊन येते. मैत्रीण देते म्हणते. (लिंबं इतकी झाली आहेत की मी परवा बूटसुद्धा लिंबाने पुसले.) ती बाहेर पडली की ओट्यावरचा पालक माझ्या ऑफिसच्या पिशवीत, आणि आदल्या संध्याकाळी मी आणलेला बाजारचा पालक ओट्यावर. काम सोपं, पण पालक शोधणं सोपं नव्हतं. सगळा बाजार पालथा घातला, सगळ्यांची पानं मेली बारकी, आत्याने एका नजरेत ओळखलं असतं. शेवटी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळाला. तीच रुंद पानं, तोच रंग, तेच लालसर देठ. मला तर देवच पावला. पहिल्या दिवशी आत्याने एक पान उचललं, वास घेतला, आणि मी श्वास रोखून उभी राहिले. ती म्हणाली, जरा सुकलाय आज, ऊन लागलं असेल, पण माझ्या हातचा पालक मी डोळे मिटून ओळखीन. वहिनी खाली मान घालून खायला लागली आणि मी हसू दाबायला पाणी प्यायले.

इकडे आत्याचा पालक मी लॅबमध्ये नेऊन टाकणार होते. जाळायचा म्हणून भट्टीजवळ ठेवला आणि पिशवीवर ठळक चिठ्ठी लावली, ‘कोणीही घेऊ नये’. संध्याकाळी पिशवी गायब. दुसऱ्या दिवशी दुसरी पिशवी, दुसरी चिठ्ठी, ती पिशवीही गायब, चिठ्ठी तेवढी शिल्लक. मला वाटलं, पहारेकऱ्याने जाळली असेल, भला माणूस. तर एके सकाळी साहेब तोंड भरून हसत आले आणि म्हणाले, पालक सुरेख असतो हो, घरी सगळ्यांना फार आवडला, आणि तुम्ही चिठ्ठी लावून राखून ठेवता हे विशेष. साहेबांच्या मते ‘कोणीही’मध्ये साहेब येत नाहीत. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मग सांगितलं. त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा काढला, पुसला, घातला, आणि शांतपणे विचारलं की हा तोच पालक का. मी म्हटलं, तोच. ते दिवसभर काचेच्या खोलीत एकटे बसून होते. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली की रिपोर्ट येईपर्यंत कोणताही नमुना कोणीही, ‘साहेबांसह’, घरी नेऊ नये. तेव्हापासून लॅबमध्ये भाज्या सडतात, मशीनवाला माझ्याशी तुटक बोलतो आणि पहारेकरी कोथिंबिरीच्या काड्यांवरून मला टोमणे मारतो. वाईट कोण, तर मी.

पण सूचनेतल्या ‘रिपोर्ट येईपर्यंत’ या शब्दांनी माझ्या डोक्यात एक किडा सोडला. बाजारचा जो पालक मी रोज तुझ्या बायकोला खाऊ घालते आहे त्याचा रिपोर्ट कुठे आहे? इतकी वर्षं भाज्या दळून मी तो विचार केलाच नव्हता. आत्याचा नाही म्हणजे चांगला, इतकंच धरून चालले होते. दळला, पाजला. दादा, मशीनने आकडा दिला आणि मशीनवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची थट्टा करते आहे. शिसं तेवढंच, कॅडमियम तेवढंच, जस्त तेवढंच. दोन भाज्यांचे आकडे इतके जुळत नाहीत, दोन सख्ख्या बहिणींची नाकंसुद्धा इतकी जुळत नाहीत. मी तशीच कोपऱ्यावर गेले आणि भाजीवाल्याला विचारलं, पालक कुठून आणतोस? तो अभिमानाने म्हणाला, ताई, अगदी घरचा आहे, इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, रोज सकाळी फिरायला येताना पिशवी भरून देतात, पैसे घेत नाहीत, बदल्यात लिंबं नेतात. घरी गरोदर सून आहे म्हणाल्या, पालकावर लिंबू पिळलं की लोह अंगाला लागतं.

मी तिथल्या एका झाकलेल्या पाटीवर बसले. (भाजीवाला म्हणाला, त्यात टोमॅटो आहेत. मी म्हटलं, असू दे.) म्हणजे आत्या पालक पिकवते, भाजीवाल्याला देते, मी तो संध्याकाळी विकत आणते, आत्याच्याच ओट्यावर ठेवते, आत्या तो तुझ्या बायकोला खाऊ घालते आणि वर आत्याचीच लिंबं पिळते. फिरून फिरून भोपळे चौकात. आणि आत्या म्हणाली होती, माझ्या हातचा पालक मी डोळे मिटून ओळखीन. ओळखलाच होता की तिने. मूर्ख आम्हीच, हसलो.

भाजीवाल्याला सगळं सांगणं भाग होतं, तोच पालक आणखी चार घरांत जात होता. त्याला शिसं म्हणजे काय ते कळलं नाही, पण माझं तोंड बघून त्याने उरलेल्या जुड्या माझ्यासमोर कचऱ्यात टाकल्या आणि पुढे घेणार नाही म्हणाला. आता मी लांबच्या बाजारातून पालक आणते, तपासून आणते, आणि पानं बारकी दिसली की आत्याला सांगते, हवामान. त्याच दिवशी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो, रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट आठवड्याने. (हे वाक्य मी आजवर लोकांना किती सहज सांगत आले, ते आता कळतंय.) कळावे. बाकी सर्व ठीक. स्वतःला जप, बटाटा खा, आणि येताना आत्यासाठी काही आणू नकोस, तिला काही नको असतं.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचं ‘काही आणू नकोस’ हे आत्या इकडून तिकडे जाताना डोकावली म्हणून लिहिलं. खरं काम हे आहे: आत्याला तू सांग. तिचा जीव तुझ्यात आहे. तू म्हणालास की सूर्य उद्या मागच्या बाजूने उगवणार आहे, तर ती खुर्च्या फिरवून ठेवेल. रजा लवकर मिळाली तर ये, नाही तर फोनवर स्पीकर बंद करायला लावून बोल. बाग बंद करायची, एवढंच सांग. कारण काहीही काढ, जमिनीला विश्रांती हवी म्हण, कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं म्हण. शिशाचं नाव काढू नकोस आणि गेल्या वर्षीचं तर मुळीच नाही. मी आणि वहिनी डोकं खाजवून दमलो. आम्हाला जमणार नाही, तुला जमेल.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. विसर. तुमच्या कंपनीची टपाल नेणारी गाडी यंदाच्या खेपेला उशिरा येतेय म्हणून पत्र माझ्याकडेच पडून होतं, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. भाजीवाल्याने पालक घ्यायचं बंद केल्यावर आत्या त्याला कारण विचारणारच ना. तो बिचारा सरळ माणूस, म्हणाला, लॅबवाल्या ताईंनी सांगितलं, यात शिसं आहे, गरोदर बाईला फार वाईट. त्याला काय माहीत, ताई कोण आणि बाई कोण. मी ऑफिसातून आले तर आत्या खाली वाफ्यात होती आणि सगळी बाग उपटून ढीग घातलेला होता. हातपाय मातीने भरलेले. मला वाटलं, ओरडेल. वर आली, हात धुतले, खुर्चीवर बसली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, गेल्या वर्षीचंही यानेच का? मी म्हटलं, मशीनला ते कळत नाही आत्या. ती म्हणाली, मी मशीनला विचारत नाहीये.

 तेवढ्यात वहिनी आतून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, आत्या, एक सांगू का, रागावू नका, मी तुमचा पालक कधी खाल्लाच नाही. गेल्या वर्षीही नाही. मला लहानपणापासून पालक आवडत नाही, तुम्ही पाणी आणायला उठलात की मी खिडकीतून खाली टाकत होते.  आत्या तिच्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, मीठ कमी पडायचं का? वहिनी म्हणाली, नाही हो, चांगला असायचा, पालकच आवडत नाही. मग आत्या रडली. बाबा गेल्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. रडून झाल्यावर तोंड धुऊन आली, आणि तेव्हापासून वहिनीशी अबोला धरलाय. सगळं माझ्यामार्फत चालतं. तिला सांग, दूध ठेवलंय, प्यायचं तर पी म्हणावं, नाही तर खिडकी आहेच. असं म्हणते, आणि दुधात साय जास्त घालते.

मी वहिनीला एकटीला गाठून म्हटलं, अगं, मी तुला वाडगं पुसून खाताना पाहिलंय, आणि खिडकीतून टाकलास कसा? ती लिंबू चिरत होती. म्हणाली, खिडकीला जाळी आहे, वन्सं. (एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, विषय संपला.) आणि पुढचं लिंबू घेतलं.

ता. क. शेवटचा. रक्ताचा रिपोर्ट आला. वहिनीच्या अंगात शिसं आहे, पण फार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत थांबलात, हळूहळू उतरेल, बाळ नीट वाढतंय, दर महिन्याला बघत राहू. गेल्या वर्षीचं विचारलं तर म्हणाल्या, ते आता कोणीच सांगू शकत नाही. हा रिपोर्ट आत्याला दाखवायचा नाही हे तुला सांगायला नकोच, कारण न खाणाऱ्या बाईच्या रक्तात शिसं कुठून आलं असं ती विचारेल. माझं आणि आत्याचंही रक्त तपासलं, आत्याचं सगळ्यांत जास्त निघालं. ती म्हणाली, साहजिक आहे, राबले कोण? तिलाही औषध सुरू केलंय आणि तिने मुकाट्याने घेतलं, यावरूनच ओळख.

आता खरोखर काम सांगते. तू फोनवर दर वेळी म्हणतोस ना, ‘आत्या, हिला तुझ्या पालकाशिवाय घास जात नाही’, ते वाक्य यापुढे तुझ्या तोंडून निघता कामा नये. तुझ्या बायकोला पालक लहानपणापासून आवडत नाही. पाठ कर, इंजिन चालू असताना म्हणत जा. आणि दुसरं. काल आत्याने सुताराला बोलावून स्वयंपाकघराच्या खिडकीची ती जाळी काढून घेतली. तो म्हणत होता, चांगली आहे बाई, राहू द्या, आणखी दहा वर्षं हलणार नाही. आत्या म्हणाली, काढ, हवा येत नाही. मी आणि वहिनी तिथेच उभ्या होतो, आमच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सुतार गेल्यावर मग वहिनीशी पहिल्यांदा बोलली, सरक, तिथे वारा लागेल म्हणाली. तेव्हा तू आलास की जाळी कुठे गेली हे विचारायचं नाही. रात्री डास चावतील. मुकाट्याने चावून घे.